भय आणि त्राता : नारायण धारप यांच्या कादंबऱ्यांविषयीच्या वाचक-वादाचा विचार
(यवतमाळ जिल्ह्यातील वाचनव्यवहाराच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

मराठीत भयकथा आणि गूढकथा यांचा विचार करताना नारायण धारप (१९२५–२००८) हे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. भयकादंबरी, गूढकथा, विज्ञानकथा असा त्यांच्या लेखनाचा विस्तार असून साठोत्तर काळातील मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्यांनी हे लेखन आवडीने वाचले. तथापि याच कालखंडाच्या वाङ्मयेतिहासात धारपांना मिळालेली जागा अत्यल्प आहे. लोकप्रिय साहित्य, रंजनपर साहित्य, वाचनालयीन साहित्य अशा एखाद्या सामुदायिक शीर्षकाखाली त्यांचा निर्देश होतो आणि विषय संपतो.

समीक्षेने मौन पाळले तरी वाचक गप्प बसलेले नाहीत. धारपांची सर्वोत्तम कादंबरी कोणती, हा वाद त्यांच्या वाचकांत सातत्याने चालत आलेला आहे. 'लुचाई' श्रेष्ठ की 'शपथ', 'चेटकीण' अधिक भयप्रद की 'अनोळखी दिशा'मधील कथा, 'समर्थ'मालिका हे लेखकाचे बलस्थान की मर्यादा, असे या वादाचे ठळक मुद्दे आहेत. वरवर पाहता ही केवळ आवडीनिवडीची चर्चा वाटते. तिच्यातील युक्तिवाद नीट तपासले असता मात्र त्यांत काही निश्चित वाङ्मयीन निकष दडलेले आढळतात.

प्रस्तुत लेखाचा हेतू हे निकष उलगडून दाखवण्याचा आहे. हे वाचकांचे संख्यात्मक सर्वेक्षण नव्हे. वाद ज्या मुद्द्यांवर उभा राहतो त्या मुद्द्यांची ही मीमांसा आहे. ती करताना यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाचे स्थान समोर ठेवले आहे. लेखक पुण्याचा, कथांचे जग बव्हंशी मध्यमवर्गीय नोकरदार घरांचे, आणि वाचक मात्र पुसद, वणी, दिग्रस किंवा पांढरकवडा येथील. या अंतरामुळे वादातील काही प्रश्न अधिक तीव्रतेने दिसू लागतात.

२. वादाचे स्थान : वाचनालय

यवतमाळ या जिल्ह्याला वाङ्मयीन परंपरा नवी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे दोनदा भरले : १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. यांपैकी पहिले अध्यक्षपद विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रपटगीते, पटकथा आणि 'गीतरामायण' यांतून घराघरांत पोहोचलेल्या कवीला हा मान मिळाला, याचा अर्थ लोकप्रियता आणि वाङ्मयीन प्रतिष्ठा यांचे वैर सार्वत्रिक नाही. गीताला जे लाभले ते भयकथेला का लाभले नाही, हा प्रश्न त्यामुळेच विचारण्याजोगा ठरतो.

संमेलन प्रसंगाने भरते, वाचनालय मात्र रोज उघडे असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये ग्रंथालयांना शासनमान्यता, अनुदान आणि अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात, मोठे पुस्तकविक्रेते जेथे नाहीत अशा गावांतील वाचकाला कादंबरी भेटते ती बहुधा वाचनालयाच्या कपाटातच. धारपांच्या पुस्तकांचे वाचन या व्यवस्थेशी जोडलेले आहे. पुस्तक विकत घेऊन संग्रही ठेवणारा वाचक आणि ठरावीक मुदतीत परत करणारा वाचक यांच्या वाचनपद्धती सारख्या नसतात. दुसऱ्या प्रकारच्या वाचकाजवळ पुस्तक राहत नाही, त्याची आठवण राहते. म्हणून त्याचा वाद स्मरणावर चालतो. जे प्रसंग वर्षानुवर्षे आठवतात तेच त्याच्या दृष्टीने कादंबरीचे मूल्य ठरवतात.

लोकप्रिय कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा लिहिण्याची वाचनालयीन वाचकाची खोडही परिचित आहे. ग्रंथपालाच्या दृष्टीने ही पुस्तकाची नासधूस असते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा अनामिक समीक्षेचा एक पुरावा आहे. पुढच्या वाचकाला दिलेली शिफारस, आधीच्या शेऱ्याचे खंडन, शेवटाविषयीची नाराजी अशा या नोंदींत समाप्तीविषयी बोलले जाणे स्वाभाविक असते, कारण शेरा लिहिला जातो तोच मुळी शेवट वाचून झाल्याच्या क्षणी. कादंबरीचा शेवट हा या वादाचा कणा आहे, हे पुढील विवेचनात अधिक स्पष्ट होईल.

३. भयानक रस आणि लौकिक भय

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस असून भय हा त्याचा स्थायी भाव आहे. विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य हे त्याचे विभाव सांगितले आहेत. आधुनिक भयकादंबरीची सामग्री या यादीहून फारशी निराळी नाही. मात्र त्याच ठिकाणी हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याशी जोडलेला आहे. भिणे हे उत्तम प्रकृतीचे लक्षण नव्हे, असा त्यामागील संकेत. भयकथेच्या वाचकाकडे अपरिपक्व वाचक म्हणून पाहणाऱ्या आधुनिक दृष्टीत या जुन्या श्रेणीव्यवस्थेचा अंश उरला आहे, असे म्हणता येईल.

अभिनवगुप्ताने रसास्वादाचे स्वरूप विशद करताना निवडलेले उदाहरण या संदर्भात अत्यंत उद्बोधक आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकात बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरणाचे वर्णन येते. प्रेक्षकाला तेथे भयाची प्रतीती होते. परंतु ते भय माझे, शत्रूचे, मित्राचे किंवा तिऱ्हाईताचे असे कोणाचेच राहत नाही. देश आणि काल यांच्या मर्यादेतून ते सुटते. साधारणीकरणाचा हा सिद्धांत समजावण्यासाठी अभिनवगुप्ताने भयाचेच उदाहरण घ्यावे, हा योगायोग मानता येत नाही. भय हा सर्वांत स्वार्थी भाव आहे. भ्यालेल्या माणसाला स्वतःच्या जिवापलीकडे काही दिसत नाही. अशा भावाचाही आस्वाद होऊ शकतो, हे सिद्ध झाले की सिद्धांत बळकट होतो.

लौकिक भय आणि भयानक रस यांतील हा भेद यवतमाळ जिल्ह्याने अलीकडेच प्रत्यक्ष अनुभवला आहे. राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ किंवा 'अवनी' या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा माणसे मृत्युमुखी पडल्याचे सांगितले गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. पिकाच्या राखणीसाठी रात्री जागलीला जाणे हा ज्याच्या निर्वाहाचा भाग आहे त्या शेतकऱ्यासाठी त्या काळातील अंधार हा विभाव नव्हता, साक्षात संकट होते. त्या अंधाराचा आस्वाद घेता येत नाही. याच जागलीच्या निमित्ताने एरवी चकव्याच्या, पिंपळावरच्या मुंजाच्या, डोहातल्या आसरांच्या गोष्टी मात्र रंगतात. संकट खरे असताना गोष्ट थांबते आणि संकट ओसरले की गोष्ट पुन्हा सुरू होते. धारपांची कादंबरी हाती घेणारा वाचक याच दुसऱ्या अवस्थेत असतो. तो भितो, पण दिवा मालवण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे असते.

४. आवडीचे तीन पक्ष

धारपांच्या वाचकांची मते कादंबऱ्यांच्या नावांनुसार विभागण्यापेक्षा एका प्रश्नानुसार विभागणे अधिक उपयुक्त ठरते. अनिष्ट शक्ती प्रकट झाल्यानंतर माणसाला सोडवतो कोण? या प्रश्नाच्या उत्तरानुसार तीन पक्ष दिसतात.

(अ) त्राताकेंद्री रचना. 'समर्थ'मालिकेतील नायक हा असामान्य आध्यात्मिक सामर्थ्य लाभलेला पुरुष आहे. सामान्य कुटुंबावर अनाकलनीय आपत्ती कोसळते, लौकिक उपाय थकतात, मग समर्थांना साकडे घातले जाते आणि अखेर शुभाचा जय होतो. या मालिकेवर प्रेम करणाऱ्या वाचकाचा युक्तिवाद असा की, येथे भय कितीही वाढले तरी आधार सुटत नाही. त्राता येणार हे ठाऊक असल्यामुळेच वाचक अधिक खोल अंधारात उतरण्यास धजावतो. मालिकेचे हे वैशिष्ट्य कीर्तन-पुराणांच्या श्रोत्याला अपरिचित नाही. भक्तावर संकट येते आणि देव धावून येतो, हा आख्यानाचा साचा मराठी मनात खोल रुजलेला आहे. प्रतिपक्षाचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. शेवट आधीच ठरलेला असेल तर भयाला वजन राहत नाही. त्राता जितका समर्थ तितके संकटग्रस्त पात्र निष्क्रिय होत जाते.

(आ) समूहकेंद्री रचना. 'शपथ' ही कादंबरी या आक्षेपाला उत्तर म्हणून पुढे केली जाते. स्टीफन किंग यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इट' या कादंबरीवर ती बेतलेली आहे. बालपणी एका भीषण शक्तीला सामोरे गेलेली मुले एकमेकांना वचन देतात आणि प्रौढपणी ते वचन पाळण्यासाठी पुन्हा एकत्र येतात, हे या कथाबीजाचे सूत्र. येथे कोणी सिद्धपुरुष नाही. मैत्री, आठवण आणि दिलेला शब्द एवढीच शस्त्रे आहेत. शीर्षकच वाचकाचे लक्ष राक्षसाकडून शब्दाकडे वळवते. किंग यांच्या मूळ कृतीतील एक तपशील येथे मुद्दाम नोंदवावासा आहे. मोठेपणी गाव सोडून गेलेल्या मित्रांना बालपणीचा तो काळ आठवेनासा होतो. आठवण टिकते ती गावातच मागे राहिलेल्या एकाची, आणि तो मित्र गावच्या वाचनालयात ग्रंथपाल असतो. शिक्षण आणि नोकरी यांसाठी मुले नागपूर-पुण्याकडे जातात आणि काहीजण मागे राहतात, हा ज्या तालुक्याच्या गावांचा नित्याचा अनुभव आहे तेथील वाचकाला हे कथाबीज निव्वळ भुताची गोष्ट म्हणून उरत नाही. मागे राहणाऱ्याकडे स्मृतीची जबाबदारी येते, हा त्यातील आशय त्याच्या आयुष्याला भिडतो.

(इ) त्राताविहीन रचना. तिसरा पक्ष कादंबऱ्यांपेक्षा कथांना अधिक मान देतो. 'आजी' ही कथा त्याचे ठळक उदाहरण होय. किंग यांच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेशी तिचे नाते सांगितले जाते. घरात एकटे मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी, एवढीच मूळ कथेची परिस्थिती. भुताखेताने पछाडलेला वाडा नाही, घनदाट जंगल नाही. जिच्या कुशीत मूल निर्भय होते तीच भयाचे कारण ठरते. फ्रॉइड यांनी १९१९ मधील निबंधात परिचिताच्या अपरिचित होण्याला ज्या विलक्षण अस्वस्थतेचे मूळ मानले, तिचा हा प्रत्यय आहे. मराठी वाचकाला तो अधिक झोंबतो. आजीची गोष्ट म्हणजे सुरक्षिततेचा परमावधी, अशी आपली सांस्कृतिक धारणा आहे, आणि ही कथा नेमकी त्याच धारणेवर घाव घालते. या पक्षाचे म्हणणे असे की, जी कथा वाचकाला सोडवून घरी पोहोचवत नाही तीच खरी भयकथा.

या तीन पक्षांतील मतभेद म्हणजे केवळ रुचिभेद नव्हे. जग मूलतः सुव्यवस्थित आहे आणि बिघडलेली व्यवस्था पूर्ववत होते, असे पहिला पक्ष मानतो. व्यवस्था माणसांनी मिळून राखावी लागते, असे दुसऱ्याचे म्हणणे. व्यवस्था हाच एक भास आहे, अशी शंका तिसरा पक्ष घेतो. वाचक हे शब्द वापरत नाहीत. ते फक्त शेवट पटला किंवा पटला नाही असे म्हणतात. पण शेवटाविषयीचा अभिप्राय हा त्यांच्या जीवनदृष्टीचाच अभिप्राय असतो.

५. रूपांतराचा प्रश्न

धारपांच्या चाहत्यांतील दुसरा मोठा वाद रूपांतराविषयीचा आहे. 'लुचाई' ही किंग यांच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' या कादंबरीवर आधारित आहे, हे कळल्यावर काही वाचकांचा विरस होतो. काहींच्या मते मात्र कथाबीज कोठून आले यापेक्षा ते येथे कसे रुजले हे महत्त्वाचे. मूळ कृतीचा निर्देश कोणत्या आवृत्तीत किती स्पष्टपणे केला गेला, हे त्या त्या पुस्तकाची प्रत हाती घेऊनच तपासावे लागेल. वाङ्मयीन नीतीचा तो स्वतंत्र मुद्दा आहे. मूल्यमापनाचा प्रश्न मात्र त्यापेक्षा व्यापक आहे.

मराठी वाङ्मयाला रूपांतर परके नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचे 'झुंजारराव' ही शेक्सपिअरची रूपांतरे होत. गो. ना. दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या रहस्यरम्य कादंबऱ्यांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन आरंभकृतींच्या आधारे स्पष्ट केल्या आहेत. त्यांपैकी 'मुक्तामाला'च्या अद्भुतरम्य शाखेचा एक दूरचा वारस म्हणून धारपांकडे पाहता येते.

भयकादंबरीचे रूपांतर हे सामाजिक नाटकाच्या रूपांतरापेक्षा अधिक कठीण असते, हा मुद्दा या वादात पुरेसा लक्षात घेतला जात नाही. भय हे श्रद्धांच्या चौकटीत रुजलेले असते. 'सेलम्स लॉट'मधील रक्तपिपासू मृतात्मा शवपेटीत दिवस काढतो. मृताला पुरण्याची प्रथा तेथे गृहीत आहे. जेथे प्रेताला अग्नी देणे हा सर्वसामान्य रिवाज आहे तेथे ही कल्पना जशीच्या तशी उचलून चालत नाही. क्रूस आणि पवित्र जल यांचे निवारक सामर्थ्य मराठी वाचकाच्या मनात आपोआप जागे होत नाही. तेथे मंत्र, साधना, गुरुकृपा किंवा दैवत यांची योजना करावी लागते. मूळ कृतीत धर्मगुरूची श्रद्धा ऐन क्षणी डळमळते आणि क्रूस निष्प्रभ होतो, हा प्रसंग मध्यवर्ती आहे. श्रद्धेची अशी कसोटी मराठीत उभी करायची तर कोणत्या पात्राच्या श्रद्धेची, हे रूपांतरकाराला ठरवावे लागते. एक गाव घराघरांतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ओळखीतून हळूहळू पोखरले जाणे, हा 'सेलम्स लॉट'च्या कथाबीजाचा गाभा मात्र सहज ओलांडून येतो. लहान गावात कोणाच्या घरात काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही कोणी बोलत नाही. या मौनाचे भय अमेरिकेतील मेन प्रांतात जितके खरे तितकेच वऱ्हाडातही खरे आहे.

त्यामुळे मूळ कृती कोणती, एवढ्यावर वाद थांबवणे योग्य नाही. काय वगळले, काय बदलले, काय नव्याने घातले, या तीन प्रश्नांनी तो पुढे नेला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तौलनिक अभ्यासाचे हे एक संपन्न क्षेत्र आहे.

६. छापील कथेचे पुन्हा मौखिक होणे

'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी चित्रपटाच्या उगमाविषयी सांगितलेली हकिगत या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९९३ मध्ये विदर्भातील नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली आणि त्या कथेने ते भयभीत झाले. पुढे या अनुभवातून, अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, चित्रपट साकारला. त्यातील वृद्ध स्त्रीच्या प्रसंगाचे मूळ या कथेत आहे. चित्रपटाचे शीर्षक मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देणारे. सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या प्रदर्शनापेक्षा मोठा प्रतिसाद त्याला लाभला.

या प्रवासातील टप्पे पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत छापली गेलेली कथा पुण्यातील लेखकाच्या लेखणीतून मराठी होते. ती वाचणारा विदर्भातील जंगलात मित्राला ती तोंडी सांगतो. ऐकणारा तिला कोकणाच्या पार्श्वभूमीवर, हिंदी भाषेत, पडद्यावर आणतो. मधला टप्पा सर्वांत अर्थपूर्ण आहे. छापील कथा जंगलात पोहोचल्यावर पुन्हा मौखिक झाली. चकव्याची गोष्ट जशी सांगितली जाते तशी ती सांगितली गेली, आणि सांगताना लेखकाच्या शैलीचा आधार उरला नाही, उरली ती केवळ घटना आणि तिची परिणामकारकता. धारपांची भाषा साधी, निवेदनप्रधान, अलंकारविरहित आहे, ही त्यांच्यावरील नेहमीची टीका. त्याच गुणामुळे त्यांच्या कथा पुन्हा सांगता येतात, हे टीकाकारांच्या नजरेतून निसटते. वाचनालयातील वाद स्मरणावर चालतो, असे वर म्हटले. स्मरणात राहणे आणि सांगता येणे हे लोककथेचे निकष आहेत. वाचक नकळत त्याच निकषांवर धारपांची पारख करीत असतात.

७. 'चेटकीण' हा शब्द आणि अंधश्रद्धेचा आक्षेप

भयकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ दीर्घकाळ चालत आली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम राज्यात अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, असे भासवून तिला छळणे हा आता गुन्हा आहे.

या पार्श्वभूमीवर 'चेटकीण' हे शीर्षक वेगळ्या प्रकाशात वाचावे लागते. शहरातील वाचकाला हा शब्द परीकथेतला वाटतो. पण ज्या गावात एखाद्या एकाकी स्त्रीकडे बोट दाखवण्यासाठी तो किंवा त्याच्या जवळचा शब्द वापरला जाऊ शकतो तेथे तो वाङ्मयीन शब्द राहत नाही, आरोप बनतो. वाचकाने ही जाणीव ठेवावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी नाही, आणि अध्यापकाने ती वर्गात करून देणे आवश्यकच आहे.

तथापि आक्षेप सरसकट करण्याआधी कथेची रचना पाहिली पाहिजे. या ठिकाणी वाचकांतील तीन पक्षांचा वाद अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. अंधश्रद्धेच्या सामाजिक व्यवहारात दोन स्थाने निश्चित असतात : दोषी ठरवलेला शेजारी आणि उपाय सांगणारा जाणता. त्राताकेंद्री कथेत यांपैकी दुसरे स्थान कायम राहते. समर्थ हे सदाचारी आणि निःस्पृह आहेत, ते गंडेदोरे विकणारे मांत्रिक नव्हेत, हा फरक मान्य करूनही, संकटात असामान्य पुरुषाला शरण जावे, हा रचनेचा संदेश शिल्लक राहतो. 'शपथ'च्या कथाबीजात हे स्थान रिकामे आहे. तेथे जाणता कोणी नाही, परस्परांवर विश्वास ठेवणारी सामान्य माणसे आहेत. 'आजी'च्या प्रकारात उपाय सांगणारा कोणीच नाही, त्यामुळे कोणाच्या आहारी जाण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. म्हणजेच भूत आहे की नाही, यावरून भयकथेची सामाजिक दिशा ठरत नाही. भुताशी झुंजण्याचा अधिकार कथा कोणाला देते, यावरून ती ठरते.

अभिनवगुप्ताचा भेद येथे पुन्हा आठवावा. ज्याला भूत खरे वाटते त्याच्यासाठी भयकथा ही कथा राहत नाही, वार्ता बनते. तो भितो, पण आस्वाद घेत नाही. भयानक रसाला अविश्वासाची भूमी लागते. कादंबरी मिटल्यावर हे खरे नाही असे म्हणता येणे, ही तिच्या आस्वादाची पूर्वअट आहे. तोदोरोव्ह यांनी १९७० च्या ग्रंथात अद्भुताचा प्राण मानलेली संदिग्धता, म्हणजे घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक याविषयीची दोलायमान अवस्था, तीही विवेकी वाचकातच संभवते. या अर्थाने विवेकाची चळवळ आणि भयकथा यांचे नाते केवळ वैराचे नाही. विवेक जितका पक्का तितका भयकथेचा आस्वाद निर्भेळ, असे म्हणण्यास आधार आहे. मात्र हे आस्वादाविषयीचे विधान आहे. ज्या वाचकाच्या मनात श्रद्धा आणि शंका शेजारी नांदतात त्याच्यावर कथेचा परिणाम काय होतो, हा प्रश्न त्याने निकाली निघत नाही. तो क्षेत्रीय अभ्यासानेच सुटेल.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) धारपांच्या आवडत्या कृतींविषयीचा वाचकांचा वाद हा मुख्यतः कादंबरीच्या समाप्तीविषयीचा, म्हणजेच संकटातून सोडवणूक कोण करतो याविषयीचा वाद आहे. त्राताकेंद्री, समूहकेंद्री आणि त्राताविहीन अशा तीन रचना त्यातून वेगळ्या करता येतात.

(२) वाचनालयीन वाचकाची पारख स्मरणीयता आणि पुन्हा सांगता येणे या निकषांवर चालते. हे निकष मौखिक परंपरेचे असून छापील लोकप्रिय साहित्याच्या समीक्षेत त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.

(३) भयकादंबरीच्या रूपांतराचे मूल्यमापन करताना मूळ कृतीचा शोध ही केवळ पहिली पायरी होय. मृत्यूविषयीचे रिवाज, निवारणाची साधने आणि श्रद्धेची कसोटी यांचे रूपांतर कसे झाले, हे पाहणे महत्त्वाचे.

(४) भयकथा आणि अंधश्रद्धा यांच्या संबंधाचा निर्णय कथेत अतिमानवी घटक आहे की नाही, यावरून करता येत नाही. भयावर मात करण्याचा अधिकार कथा कोणाच्या हाती सोपवते, हा अधिक नेमका निकष आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन उपक्रम सहज शक्य आहेत. महाविद्यालयाच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात उपलब्ध असलेल्या धारपांच्या प्रतींवरील शेरे आणि देवघेवीच्या नोंदी ग्रंथपालांच्या संमतीने, वाचकांची नावे वगळून, अभ्यासता येतील. तसेच परिसरातील चकवा, मुंजा, आसरा यांच्या कथा संकलित करून त्यांच्या समाप्ती धारपांच्या कथांशी ताडून पाहता येतील. गावच्या गोष्टीत माणूस चकव्यातून कसा सुटतो? कोणी सिद्धपुरुष येतो, सोबती हाक मारतो, की केवळ उजाडते? या प्रश्नाचे उत्तर पुसदला एक आणि झरी-जामणीला दुसरे मिळण्याची शक्यता आहे. तसे मिळाले तर वाचनालयातील वाद आणि जागलीवरची गोष्ट या एकाच विचारपरंपरेच्या दोन शाखा आहेत किंवा कसे, याविषयी खात्रीने बोलता येईल.

समीक्षेने ज्या लेखकाला दाराबाहेर ठेवले त्याच्या वाचकांनी शेवटाचा, आधाराचा आणि माणसाच्या सामर्थ्याचा प्रश्न आपल्या परीने चर्चेत ठेवला. तो प्रश्न गंभीरपणे ऐकून घेणे, हे आता विद्यापीठीय अभ्यासाचे काम आहे.